न दिलेली हाक

देवराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर होतो. करंट लागून गेला, एवढंच कळलं. सिंदेवाहीकडच्या गाडीत बसून मी मनाशी हुज्जत घालत राहिलो. शेतात वीज सोडलेल्या तारेविरुद्ध बोंबलणारा गावात तोच एक होता...

आम्ही वर्षानुवर्षं एकाच शाळेत होतो. तो इंग्रजी शिकवायचा, मी गणित. पोरं सरसकट कशालाही 'केअरलेस' म्हणत, याचा त्याला भयंकर राग. फळ्यावर शेजारी 'रेकलेस' लिहून तो सांगायचा, "डबा घरी विसरला, तो केअरलेस. वाटंत वाघ हाये हे ठाऊक असून एकटा आला, तो रेकलेस. पह्यल्याचं ध्यान नसते. दुसऱ्याले सारं ठाऊक असते, तरी तो करते." वाघाशिवाय तुझं इंग्रजी चालत नाही का, म्हणून मी चिडवायचो. तो मनापासून हसायचा.

घरची धानाची शेती धाकटा भाऊ मधुकर पाहायचा. लोंबी भरली की रानडुकरं बांधीच्या बांधी, अख्खी खाचरं लोळवतात, म्हणून तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उघडी तार ओढून तिच्यात वीज सोडायचा. गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत, आणि करतातही पुष्कळ जण. देवराव आधी भांडला, मग थकला. एक अट मात्र त्याने घालून दिली. दिवस बुडताना मधुकरने धुऱ्यावर उभं राहून ओरडायचं, "करंट लावून राह्यलो गाऽऽ" आणि मगच वीज घ्यायला खांबावरच्या तारेवर आकडा टाकायचा. गाव त्या हाकेवर चालू लागलं. हाक आली की शेतातली वाट बंद, तोवर मोकळी.

त्या दिवशी मधुकरला गोंडपिपरीला लग्नाला जायचं होतं. उन्हातच आकडा टाकून तो निघाला. हाक दिली नाही. संध्याकाळी देवराव शाळेतून नेहमीच्या धुऱ्याने घरी निघाला. भाऊ गावाला गेलाय, हाक आली नाही, म्हणजे तारेत वीज नाही, असंच त्याने धरलं असणार.

लोक म्हणाले, केअरलेसपणा झाला, दुसरं काय. मागच्या आठवड्यात भेटायला गेलो तेव्हा जामिनावर सुटून आलेला मधुकर ओसरीत बसला होता. म्हणाला, "सर, दादा ते दोन शब्द सांगे नं... मी त्यातला कोनता?"

तू विसरलास, मी म्हणालो. त्याने मान हलवली.

"विसरलो नाई जी. मले ध्यान होतं. म्हटलं, एक दिवस हाक नाई देल्ली तं का होते."

देवरावने तरी त्याला तो शब्द लावला असता का, कोण जाणे. मधुकरचा मला राग आहे, आणि थोडा देवरावचाही, एका हाकेवर भिस्त ठेवून गप्प बसला म्हणून.

तार आता निघाली आहे. उरलेलं धान डुकरांनी लोळवलं. निघता निघता दिवस बुडत आला, तसा मधुकर उठून धुऱ्याकडे गेला. रोजच जातात, त्याची बायको म्हणाली. पायात चप्पल अडकवताना मला त्याची हाक ऐकू आली.

"करंट नाई गाऽऽ... ये दादा, करंट नाई."