मामांचं पाण्यावर उतरणारं विमान

टीव्हीवरची मालिका बंद पडली म्हणून सुतक धरणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा सख्खा मामा निघाला. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला राहत होतो आणि मामा-मामी जवळच पिनरला. एका रविवारी नेहमीसारखे त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर दार उघडलं ते दाढी वाढलेल्या, चेहरा पार उतरलेल्या मामांनी. मुंबईहून काही वाईट फोन आला की काय, म्हणून मी धावत किचनमध्ये गेले. मामी शांतपणे पोळ्या लाटत होत्या. "घाबरू नकोस गं," त्या म्हणाल्या. "ह्यांचा पायलट गेला."

मामा नोकरीनं कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात इंजिनियर होते, पण त्यांचा खरा व्यवसाय चौकशीचा. दिसेल त्या माणसाला दिसेल तो प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. बसच्या ड्रायव्हरला ते विचारत, "ही बस रिव्हर्समध्ये जास्तीत जास्त किती वेगानं जाईल?" शेजारच्या आजींच्या अंत्यविधीला गेले, तर पाद्रीबुवांना बाजूला घेऊन, शवपेटीचं लाकूड कुठलं वापरतात हे विचारून आले. डेंटिस्टच्या खुर्चीत तोंडात हत्यारं असतानाही त्यांचे प्रश्न थांबत नसत, म्हणून शेवटी त्यानं भुलीचं इंजेक्शन जरा सढळ हातानं दिलं, असं मामी सांगत. त्या स्वतः फार कमी बोलत. "घरात बोलायला एक माणूस पुरे असतं," असं त्यांचं साधं गणित होतं.

तर अशा या माणसाच्या घरात शनिवारी संध्याकाळी ती मालिका शिरली. काळ दोन महायुद्धांच्या मधला. पॅसिफिकमधली कुठलीशी बेटं, आणि त्यांच्यामध्ये टपाल आणि माणसं ने-आण करणारा एक फाटका पायलट. त्याचं विमान धावपट्टीवर न उतरता सरळ समुद्रावर उतरायचं. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या. इंजिन दर आठवड्याला बंद पडायचं. बेटावरच्या पोस्टात एक विधवा बाई होती, तिचं आणि पायलटचं काहीतरी होतं, पण होत काही नव्हतं. मामा कोट-टाय न काढता, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बघत. विमान पाण्याला टेकताना खुर्चीत पाय वर उचलत, आपलेच मोजे भिजणार असल्यासारखे.

आणि एका शनिवारी बेटावरची एक तापानं फणफणलेली मुलगी विमानात घालून पायलट दूरच्या हॉस्पिटलकडे निघाला, वाटेत इंजिनानं आचका दिला, आणि भाग संपला. पुढच्या शनिवारी त्या वेळेला स्नूकर लागलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही स्नूकर. मामांनी टीव्ही कंपनीला फोन लावला. तो संवाद आम्हाला ते पुढे कित्येक वर्षं, दोन्ही आवाजांत करून दाखवत.

"सॉरी सर, ती सीरीज फारशी पॉप्युलर नव्हती. बंद केली."

"ते ठीक आहे. पण ती मुलगी पोचली का?"

"सर, इट्स ओन्ली अ प्रोग्रॅम."

"मॅडम, प्रोग्रॅम आहे हे मला माहीत आहे. मी फक्त ती पोचली का एवढंच विचारतोय."

पलीकडच्या बाईंनी अगदी हळू आवाजात सांगितलं म्हणे, "आय होप सो, सर." मामांना ते उत्तर आवडलं, पण पुरलं नाही. दाढी त्यांनी त्यानंतरच वाढवली.

सुतक फिटलं ते मामांनी पुढचे भाग स्वतःच सांगायला सुरुवात केली तेव्हा. आमच्या मंडळाचा गणपती असो, कुणाचं बारसं असो, इल्फर्डला कुणाचं लग्न असो, पानं वाढायला उशीर आहे असं दिसलं की मामा एक खुर्ची ओढत आणि सुरू होत. ती मुलगी पहिल्याच दिवशी हॉस्पिटलात पोचली. तिला ताटकळत ठेवणं त्यांना जमलंच नसतं. मग पायलट वादळात सापडला, चाच्यांच्या हाती लागला, सुटला, आणि पेट्रोल संपत आलं म्हणून मालवणच्या किनाऱ्यावर उतरला. "अहो मामा, पॅसिफिकमधून एकदम मालवण?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. मामा म्हणाले, "पेट्रोल संपल्यावर माणूस नकाशा बघतो का रे?" इथंच जन्मलेली आमची मुलं, ज्यांना आम्ही मराठी ऐका म्हणून हातापाया पडायचो, ती मामांच्या पायाशी मांडी घालून बसत. माझी मुलगी विचारी, "आजोबा, तो विमान परत कधी येते?" आणि मामा व्याकरणाला धक्का न लावता सांगत, "तो विमान नेक्स्ट संडेला येते."

मामी या सगळ्यात कधीच नसत. त्या आत कोशिंबीर कालवत असत. फार तर आतून आवाज येई, "त्या पायलटला म्हणावं, येताना दूध घेऊन ये."

नव्वदच्या सुमाराला मामांना हार्ट अटॅक आला आणि बायपास झाली. घरी आले ते निम्मे होऊन. प्रश्न विचारणं जवळजवळ थांबलं. दूधवाल्याला नुसतं "थँक यू" म्हणून दार लावायला लागले, तेव्हा मामींनी मला फोन केला. मामी आपणहून फोन करत नसत. "ह्यांना कुठंतरी पाण्यावर घेऊन जाऊ या का?" एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्या नवऱ्यानं शोध काढला. स्कॉटलंडमध्ये एका मोठ्या तळ्यावर एक म्हातारा पायलट आपल्या जुन्या सीप्लेनमधून लोकांना फेरी मारून आणत असे. आम्ही चौघं गाडीनं तिथं गेलो. लाकडी धक्क्याला बांधलेलं ते पिवळं विमान बघून मामा जे थांबले ते थांबलेच. मग त्यांच्या अंगात जुने मामा परतले. त्या होड्यांत पाणी शिरत नाही का? वारा आडवा असेल तर? मधेच बदक आलं तर? पायलट हसतमुखानं उत्तरं देत होता. आणि भरात येऊन मामांनी विचारलं, "आणि वर गेल्यावर एखाद्याचं हार्ट बंद पडलं तर काय करता? म्हणजे, माझी नुकतीच बायपास झालीय म्हणून विचारतो."

पायलटचं हसू मावळलं. त्यानं टोपी काढली, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्याला फार वाईट वाटतंय असं सांगून नकार दिला. आम्ही दोघं बाकावर बसलो. मामा मात्र, "बरोबर आहे त्याचं," असं पुटपुटत विमानाकडे बघत राहिले.

"मी जाते," मामी म्हणाल्या.

पिनरहून वॉटफर्डला बसनं येताना लिंबू हुंगणारी ही बाई. नऊवारीची सवय मोडून पाचवारीवर आली तेवढाच तिच्या आयुष्यातला धाडसी बदल. तिनं कार्डिगनची बटणं लावली, पदर खोचला आणि पायलटचा हात धरून आत चढली. विमान पाणी कापत गेलं, उचललं, डोंगराआड दिसेनासं झालं. मामांनी माझा दंड घट्ट धरला होता. "अगं, तिला पोहता येत नाही," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तिनं सकाळपासून काही खाल्लंही नाही." एवढी वर्षं वादळं आणि चाचे बिनदिक्कत सांगणारा माणूस, पण त्या रिकाम्या आकाशाबद्दल त्याला एक वाक्य सुचेना.

मामी परतल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते आणि गाल तांबडे झाले होते. मामांनी विचारलं, "काय दिसलं?" आणि परतीच्या वाटेवर, मी प्रथमच, मामींना बोलताना आणि मामांना ऐकताना पाहिलं. "पाणी सोडायच्या आधी विमान क्षणभर मागं ओढलं जातं हो," त्या म्हणाल्या. "जाऊ नको म्हटल्यासारखं. आणि मग एकदम काहीच आवाज नाही, म्हणजे इंजिनाचा असतो, पण पाण्याचा नाही." मामा म्हणाले, "परत सांग." मामींनी परत सांगितलं.

त्यानंतर काही वर्षांनी मामा गेले. झोपेत, कसलीही चौकशी न करता. पुढे कुठल्याशा सॅटेलाइट चॅनलवर ती मालिका पुन्हा लागली. मी मामींना आमच्याकडे घेऊन आले, चहा केला आणि टीव्ही लावला. तेच बेट, तेच विमान. मामी चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "हा किती पोरगेलासा आहे गं. ह्यांचा पायलट चांगला पोक्त होता. कानांवर केस पिकलेले."

"बंद करू का, मामी?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ह्याला बिचाऱ्याला पुढचं काहीच ठाऊक नाही."