फवारणीचं औषध आणि जगाचा करार

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला माहेरी होते. पलीकडे आमची जुनी विद्यार्थिनी सुनंदा होती. "बाई, नाना..." एवढंच म्हणाली. खरं सांगते, मला आधी रागच आला. आदल्याच आठवड्यात नानांनी मला फोनवर सुनावलं होतं, "तुमचा लेख वाचला. राजकारण बरं जमलंय, रसायनशास्त्र पार बिघडवलंय. जळगावला या, मग भांडू." भांडण अर्ध्यावर टाकून उठायची त्यांची रीत नव्हती. आता काही आठवडे उलटलेत, राग निवलाय, आणि हा माणूस कसा होता ते चार लोकांना सांगावंसं वाटतंय.

नाना म्हणजे प्रा. भारंबे. फैजपूरकडच्या केळीवाल्या घरातले, जळगावच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मी राज्यशास्त्र. रासायनिक अस्त्रांवर जगभर बंदी आणायच्या कराराची बोलणी तेव्हा चालू होती आणि मी ती वर्गात मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायचे. एकदा स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात घेऊन नाना माझ्यासमोर येऊन बसले. "बाई, आपल्याकडे कपाशीवर जे औषध मारतात ना, त्यातल्या काहींचं आणि लढाईतल्या विषारी वायूचं कूळ एकच आहे. मग बंदी नेमकी कशावर घालणार? आणि कारखान्यात काय शिजतंय हे बघणार कोण, कसं?" मी म्हटलं, "ते करारात लिहितील की." "लिहितील हो. पण लिहिणाऱ्याने कपाशी पाहिलीय का?" या प्रश्नावर भांडता भांडताच आमची गट्टी जमली.

पुढे नव्वदच्या दशकात याच प्रश्नावर पीएच.डी. करायला सुनंदा तयार झाली. दोंडाईच्याची पोर, रसायनशास्त्रात एम.एस्सी., हातात आलेली शाळेतली कायमची नोकरी सोडून आलेली. नाना तिचे मार्गदर्शक, मी सहमार्गदर्शक. विद्यापीठाच्या समितीपुढे विषय गेला आणि तिथेच अडकला. विज्ञानवाले म्हणाले, हे राजकारण आहे. आमचे लोक म्हणाले, हे विज्ञान आहे. एक गृहस्थ तर हसून म्हणाले, "जळगावात बसून जगाच्या सुरक्षेचं संशोधन करणार?" शेवटी ठरलं असं, की आधी थोडं काम करून दाखवा, पुढच्या बैठकीत हो की नाही ते सांगू. ते नाही म्हणाले तर सुनंदाची नोकरीही गेली आणि विषयही गेला. नाना मात्र जिना उतरताना गुणगुणत होते. मला तेव्हा त्यांचा हा गुण अजिबात आवडला नव्हता.

काम म्हणजे फवारणीच्या औषधांचे दुकानदार आणि लहान कारखानदार यांना भेटून कुठलं रसायन कुठून येतं, कुठे जातं ते विचारायचं. सुरुवात सुनंदाच्याच गावापासून. रीतीला धरून व्हावं म्हणून आम्ही कॉलेजच्या कागदावर गोल शिक्का मारून सगळ्या दुकानांना कळवलं, 'पाहणीसाठी येत आहोत.' आता ऐन फवारणीच्या हंगामात गोल शिक्क्याचा कागद आला म्हणजे सरकारी माणूस तपासणीसाठी औषधांचे नमुने घ्यायला येणार, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आम्हा तिघांच्या डोक्यात ते आलंच नाही. दोंडाईच्याला पोचलो तर औषधांच्या दुकानांची ओळच्या ओळ बंद! सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. नाना एका शटरसमोरच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी चार चहा मागवले. चौथा कोणाला, असं मी विचारणार तेवढ्यात शटर वीतभर वर झालं आणि आतून आवाज आला, "भाऊ, तुम्ही काय देखाले येल शेतस ते पहिले सांगा. मंग मी बठ्ठं दखाडस." काय बघायला आलात ते आधी सांगा, मग सगळं दाखवतो, असं त्याचं म्हणणं.

नानांनी मांडीवर थाप मारली. "बाई, सापडलं की! उद्या परदेशचा माणूस आपल्या कारखान्यात तपासणीला येईल तेव्हा दुसरं काय होणार आहे? भीतीने बंद केलेलं दार आणि लबाडीने बंद केलेलं दार, बाहेरून दोन्ही सारखीच. तेव्हा काय बघणार आणि काय बघणार नाही, हे आधी सांगून जो येईल त्यालाच यातला फरक कळेल." दुकानदार चहाला बाहेर आला. संध्याकाळपर्यंत अख्खी ओळ उघडली होती आणि नाना प्रत्येक ओट्यावर तेच समजावून सांगत बसले होते.

समितीच्या बैठकीत सुनंदाने ही फजिती काही न लपवता मांडली. अगोदर काय झालं, पद्धत बदलल्यावर काय झालं, आणि तपासणीच्या नियमांसाठी त्यातून काय निघतं. हसणाऱ्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं, "पण हे जळगावातच का?" मी नानांकडे पाहिलं. ते छताकडे बघत बसले, मदतीला गेले नाहीत. सुनंदा म्हणाली, "सर, करार कुठेही लिहू देत, तपासणीचा माणूस शेवटी आमच्याच दारात येऊन उभा राहणार आहे." कोणी हसलं नाही. विषय मंजूर झाला, पुढे प्रबंधही झाला, आणि आज सुनंदा त्याच कॉलेजात शिकवते.

मंजुरी मिळाली, पण जागा कोणी देईना. नानांनी रसायनशाळेमागची भांडाराची खोली झाडून घेतली, स्वतःसाठी प्रयोगशाळेतलं एक उंच स्टूल आणलं, आणि कला शाखेच्या इमारतीतून माझी खुर्ची डोक्यावर घेऊन भर मैदानातून चालत आले. विद्यार्थी बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं! नंतरची सगळी भांडणं आम्ही त्याच खोलीत केली.

परवा तिथे गेले. नानांशिवाय पहिल्यांदाच... सुनंदाने माझी खुर्ची पुसून ठेवली होती. स्टुलाकडे आम्ही दोघीही बघत नव्हतो. तेवढ्यात भडगावकडची एक नवी विद्यार्थिनी आली. हाच विषय पुढे न्यायचाय म्हणाली, आणि सरळ जाऊन त्या स्टुलावर बसली. सुनंदा तिला उठवणार होती. मी तिचा हात धरला. या खोलीत कोणीतरी हक्काने येऊन बसावं यासाठीच तर नाना भांडले होते. पोरीने पिशवीतून कागद काढले, पाय स्टुलाच्या दांडीवर टेकवले आणि मला विचारलं, "बाई, सुरुवात कुठून करू?"