चौघे एका टेकडीवर
निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली की खिडकीतून तंबाखूचा वास येतो आणि तिथल्या माझ्या मित्राचा दुबईला जाण्याआधीचा रविवार आठवतो. कॉलेजपासून आम्ही चौघे मित्र ठोकळ्यांची घरं बांधायचा गेम खेळायचो. तो जाण्याआधी चौघांनी एकदा गेममधल्या एकाच जगात भेटायचं ठरलं. मी अनगोळात घरी लॅपटॉपवर जग उघडलं आणि फोनवरून बाकीच्यांना आत बोलवू लागलो. एकाचं व्हर्जन जुळेना, दुसऱ्याचं नेट सारखं तुटायचं, मधेच आमची लाईट गेली. पुन्हा पुन्हा तेच करून डोळे चुरचुरायला लागले. ऊन उतरल्यावर एकदाचे चौघांचे बाहुले एका टेकडीवर उभे राहिले. "घर बांधूया की रं," मी म्हणालो. "न्हाय रं, लई दमलोय. नुसतं बसूया," दुबईला निघालेला म्हणाला. गेममधला चौकोनी सूर्य मावळेपर्यंत कुणीच बोललं नाही. मग फोनवर त्याच्या आईची हाक ऐकू आली, "बॅग भरायची हाय न्हवं?" आणि त्याचा बाहुला टेकडीवरून नाहीसा झाला. आता तो सुट्टीला आला की आम्ही चहाला भेटतो, आपापल्या नोकऱ्यांचं रडगाणं गातो, घड्याळ बघून उठतो. तसं गप्प बसणं मात्र पुन्हा जमलेलं नाही.