बाबांचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, सुचेताला नाही — आणि तिला तर सांगायलाच हवं होतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं होत नाहीये. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठून काहीतरी भलतंच करत राहिले.

बाबा गेले तेव्हा आमच्या लेआउटमधल्या बायका म्हणाल्या, लेक असावी तर अशी. चार वर्षं बापाला तळहातावर ठेवलं. स्वतः भरवलं, न्हाऊ घातलं, दाढी केली. शर्टाचं एक बटणसुद्धा त्यांना लावू दिलं नाही. हे शेवटचं वाक्य त्या कौतुकानं म्हणत होत्या. मी मान खाली घालून ऐकत होते. खोटं काय होतं त्यात? शब्दन् शब्द खरा होता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात, पण त्यातून काही कळत नाही, म्हणून साधं सांगते. लकवा मारलेला, हात चिरडलेला, मन खचलेला माणूस आमच्याकडे येतो. त्याची रोजची कामं त्याला पुन्हा करता यावीत म्हणून आम्ही झटतो. घास उचलणं, बटण लावणं, स्वतःपुरता चहा करणं. सकाळी मी कॉलेजात शिकवते, दुपारनंतर रामदासपेठेत पेशंट बघते.

पहिल्या वर्षाच्या मुलांना या शास्त्राचा पाया मीच शिकवते. तो विषय मला आवडतो — खरं म्हणजे माझ्या तोंडून तो ऐकायला मला आवडतं. माणूस करण्यातून घडतो, असं मी सांगते. त्याच्या हातातलं काम काढून घ्या. तो जगेल, पण तो उरणार नाही. आपण पेशंटचं काम करत नाही, त्याचं काम त्याला परत देतो. काय करावंसं वाटतं हे त्यालाच विचारा, त्याच्या मुलाला नाही, सुनेला नाही. आणि थांबा. बटणाला दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं स्वतःचे हात मागे धरून उभे राहा. मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेत येतं ते.

बाबा कळमेश्वरच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड कातायचं काम. केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा, आणि बाकीच्या जगाला तो कळत नाही याचा त्यांना राग यायचा. जगाचा राग घरी निघायचा. मी सायकलची चेन बसवत असले की मागून हात यायचा. "दे इकडे. तुले नाही जमत." कंपासपेटीचं बिजागर असो, पंख्याचं रेग्युलेटर असो, वहीचं कव्हर असो. मारलं कधी नाही. फक्त हातातून काढून घ्यायचे. आई गेली, भाऊ पुण्याला गेला, मी लग्न केलं नाही. मला या शिक्षणाला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी माहितीपत्रक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "लोकायले घास भरवाचं शिकवतात काय तिथं?"

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. अशा बापांच्या मुली नागपुरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांनी माझ्यासारखं काही केलेलं नाही.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू. जीभ जड झाली, पण समजत सगळं होतं. दवाखान्यातून मी त्यांना माझ्या घरी आणलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा उजवा अंगठा हलला. मग पहिलं बोट. मी रोज असे हात बघते. हा हात परत येणारा आहे हे मला अंगठा हलला त्याच दिवशी कळलं. पहिल्या काही महिन्यांत त्याला काम मिळालं पाहिजे, एवढंच. हे मी झोपेतही सांगू शकले असते.

सुरुवात घाईतून झाली. नऊचा तास होता. बाबा पोहे खात होते — चमचा उजव्या हातात, निम्मे पोहे मांडीवर. मी चमचा घेतला. ते म्हणाले, "मी... करतो ना." मी म्हटलं, बाबा, उशीर होतोय. घाई सगळ्यांना असते. तिथंच थांबले असते तर आज लिहायला काही नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कसली घाई नव्हती. बाबांनी चमच्याकडे हात नेला आणि मी तो आधीच उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला — कसं लिहू हे? — मला बरं वाटलं. छातीत काहीतरी गार पसरत गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर माझा हात सरस ठरला होता. मी प्रेमानं म्हटलं, बाबा, राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं. फार प्रेमानं. चिडून म्हटलं असतं तर त्यांना भांडता आलं असतं.

त्यानंतर जे झालं ते समजून-उमजून झालं. वस्तरा वरच्या फळीवर गेला. बटणांच्या शर्टाऐवजी बिनबटणाचे सदरे आणले. पेला त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. माणसाला परावलंबी कसं करायचं याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागत नाही. आमचंच शास्त्र उलट्या बाजूनं वाचलं की झालं. माझ्याइतकं नीट ते कुणाला जमलं असतं?

सुचेता माझ्यासोबत शिकलेली, सदर भागात तिचा दवाखाना. ती बाबांना बघायला आली. स्वतःच्या माणसावर आपण इलाज करू नये, मी येत जाईन, म्हणाली. मी तिला सांगितलं की बाबाच तयार नाहीत, काही करायलाच बघत नाहीत, मी किती प्रयत्न केले. हे खोटं मी आतल्या खोलीचं दार उघडं असताना बोलले. बाबा चार हातांवर पलंगावर बसलेले. सुचेता त्यांच्यापुढे स्टूल घेऊन बसली. चांगली थेरपिस्ट आहे ती. तिनं त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि विचारलं, "काका, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

बाबांचे ओठ हलले. शब्द यायला त्यांना वेळ लागायचा. मी म्हटलं, "त्यांना काही नको असतं गं."

सुचेतानं मान हलवली. अशी माणसं तिनंही पाहिली होती. बाबांनी तोंड मिटलं. ते काय सांगणार होते? मला माहीत नाही. मी नंतरही विचारलं नाही.

हिवाळ्यात एका दुपारी पेशंट आला नाही म्हणून मी लवकर घरी आले. दुपारी बाबांजवळ मंदाताई असायच्या. स्वयंपाक आणि वरचं काम करायच्या. स्वयंपाकघरात बाबा खुर्चीवर बसले होते. पुढ्यात परात, परातीत तुरीच्या ओल्या शेंगा. उजव्या हाताच्या अंगठ्यानं शेंग दाबून ते दाणे काढत होते. हळू. पण वाटी अर्ध्याच्या वर भरली होती. मंदाताई भाकरी थापता थापता त्यांना आपल्या गावचं काहीबाही सांगत होत्या आणि बाबा हसत होते. मी दारात उभी राहून बघितलं. अंगठा आणि बोटाची ती पकड — सहा महिने शिकवून जी येत नाही, ती. मंदाताई चौथी शिकलेल्या. त्यांनी फक्त परात पुढे ठेवली होती आणि घाई केली नव्हती.

"पंधरा दिस झाले, ताई," त्या मला पाहून खुशीत म्हणाल्या. "आज सोलेभात करतो बाबूजीच्या हातचा."

तुम्हाला वाटेल, इथं मी शुद्धीवर आले. मी परात उचलली. मंदाताईंना म्हटलं की अशानं शिरेवर ताण येतो, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार, मला विचारल्याशिवाय असलं काही करायचं नाही. डॉक्टरी शब्द वापरले. त्या घाबरल्या. बाबा म्हणाले, "तिचं... नाही चुकलं. म्याच... मांगतलं." एवढं लांब वाक्य आजारपणानंतर ते पहिल्यांदा बोलले होते. मी परात ओट्यावर ठेवली आणि उरलेल्या शेंगा स्वतः सोलल्या. त्यांच्यासमोर. भराभर.

सोलेभात मीच भरवला. त्यांनी खाल्ला.

नंतर त्यांनी काही मागितलं नाही. हात मांडीवर पडून राहिला, मग बोटं आत वळली, मूठ घट्ट झाली. एके दिवशी मी चमचा उचलायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं. डोळे दुसरीकडे. लहान मूलसुद्धा घासाकडे बघतं. त्या सकाळी भरवून मी कॉलेजात गेले आणि माणूस करण्यातून घडतो हे मुलांना शिकवलं. चांगला झाला तास. अशी साडेतीन वर्षं गेली. बाबा गेले तेव्हा सत्त्याहत्तर... नाही, पंच्याहत्तर वर्षांचे होते. शेवटी शेवटी त्यांच्या वयाचाही हिशेब मी ठेवला नव्हता.

तेरवीला भाऊ माझ्या पाया पडला, मोठा असून. जेवणं आटोपल्यावर मंदाताई भांडी आवरून निघाल्या. दारात थांबल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, राग नका मानू. बाबूजीचा हात चालत होता. म्या पायलं."

मी त्यांना समजावून सांगितलं. अशा आजारात घरच्यांना तसा भास होतो, म्हटलं. नसा मेलेल्या असतात, हालचाल दिसते पण ती खरी नसते. मी शांतपणे, नेहमीच्या आवाजात सांगितलं.

"असंन, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या आहा." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

हात चालत होता.