आत्याच्या पाठीतले धपाटे

अवंतिका नेमकं काय करते, हे विजय नगरातल्या तिच्या घरातही कुणाला धड सांगता येत नाही. आई म्हणते, ‘कम्प्युटरचं काहीतरी.’ शेजारची दीदी म्हणते, ‘शादी का वीडियो.’ समजावणं अवंतिकाने सोडून दिलंय. ती लोकांचे व्हिडिओ कॉल पकडते. कॉलमध्ये मुक्या पाहुण्यासारखी बसते. दिसेल ते, ऐकू येईल ते लॅपटॉपमध्ये भरून घेते. मग त्याच्या दोन धारा काढते. एक बारीक, कमजोर नेटवरही फोनवर लगेच दिसेल अशी. दुसरी जाड, जन्मभर जपायला.

काम सोपं आहे. माणसं अवघड आहेत. शोकसभेत कुकरच्या शिट्ट्या होतात. चेहरा सोडून छताचा पंखा दिसतो. कुणी एकाच खोलीतून दोन फोन लावतं आणि आवाज घुमला की अवंतिकालाच बोलतं.

त्याच शहरातल्या राइट टाउनात भय्यासाहेबांकडे नातीचं बारसं होतं. त्यांची धाकटी सून विनता, बाळाची आई, ही अवंतिकाची शाळेतली मैत्रीण. बाळाची आत्या माधवी नागपूरला होती. सोमवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन. प्रवासाला डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं.

“नंतर आवाज राहील का, कोणी सांगत नाही,” विनता मटर सोलता सोलता हळूच म्हणाली. “बाकी काही बिघडलं तरी चालेल. माधवीताई कानात नाव सांगतील, तेवढं पकड. पोरीजवळ आत्याचा आवाज राहिला पाहिजे.”

सकाळी अवंतिकाने माधवीला कॉल लावून पाहिला. कुजबुज ऐकूच येईना. कॉलच्या यंत्रणेला कुजबुज म्हणजे पंख्याची घरघर वाटते. ती पुसून टाकते. माधवीच्या फोनवरची ती साफसफाई अवंतिकाने बंद करवली.

“आता बोला.”

“काय बोलू? नाव तर आधी उच्चारायचं नसतं.”

“काहीही.”

“मटर,” माधवी घोगरं कुजबुजली. “पनागरचा मटर. आला का गं?”

स्वच्छ आला. रेकॉर्डिंग तेव्हा सुरू नव्हतं.

दुपारी पाळणा सजला. लॅपटॉप पाळण्याशेजारी पाटावर ठेवला. टीव्हीवर सगळे नातेवाईक चौकटी-चौकटींत दिसू लागले. अवंतिका त्यांना म्यूट करायला गेली.

“हे काय करून राहिली बेटा?” भय्यासाहेबांनी विचारलं.

“सगळ्यांचे आवाज बंद करतेय. नाव ऐकू यायला हवं.”

“शुभकार्यात पाहुण्यांची तोंडं बंद करायची? काहून? आमच्यात नाही चालत. तुळशीराम काय म्हणेल?”

भय्यासाहेबांचे भाऊ तुळशीरामकाका पनागर गावाहून म्हणतच होते. “हॅलो! भाऊ, आवाज येऊन राहिला का? हॅलो!” त्यांच्यामागे शेतातली मोटर धडधडत होती.

“काका, मोटर बंद करा ना.”

“अच्छा? मग मटरला पाणी तू घालशील?”

कुरकुरत त्यांनी मोटर बंद केली. हॅलो चालूच ठेवलं.

विनताने छोटा स्पीकर बाळाच्या कानाशी धरला. माधवी पडद्याजवळ आली. खोली शांत झाली. काकाही गप्प बसले.

“कुर्र…”

आणि धाडकन आवाज झाला.

रीत अशी की आत्या कानात नाव सांगते तेव्हा भावजया तिच्या पाठीत धपाटे घालतात. थोरली सून बेबीताई रीतीला पक्की. तिने लॅपटॉपच्या पाठीत दणका दिला होता. झाकण मिटलं. टीव्ही काळा झाला.

अवंतिकाने लॅपटॉप उघडला. हेडफोन लावून ऐकलं. ‘कुर्र’ होतं. पुढे ‘य’ होता. त्यापुढे दणका.

“बेबीताई, काय केलंत हे?”

“धपाटा दिला. आम्ही असताना आत्याची पाठ कोरी राहील?”

“ती पाठ नाही हो, झाकण आहे!”

“आत्या त्याच्यातच होती ना?”

अवंतिकाने कपाळाला हात लावला. मग पुन्हा कॉल जोडला.

“माधवीताई, नाव पुन्हा एकदा सांगाल?”

“अजिबात नाही,” भय्यासाहेब म्हणाले. “नाव एकदाच ठेवतात. बारसं आहे, नाटक नाही.”

“रेकॉर्डिंग तुटलं हो.”

“तुटू दे. यशश्री नाव सगळ्यांना ठाऊक आहे.”

विनता खाली बघत राहिली. अवंतिका लोकांच्या कॉलमध्ये कामापलीकडे कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

“आणि सोमवारनंतर कोणाला सांगू, पुन्हा म्हणा म्हणून?”

माईक चालू होता. नागपूरपर्यंत गेलं. काकांचं हॅलोही थांबलं. अवंतिकाला वाटलं, जमीन दुभंगावी.

“बाबा,” माधवीच बोलली, “यशश्री झालं. ते पुन्हा नको. पण हाकेचं नाव राहिलं ना? माझी तर तीन ठेवली होती तुम्ही.”

भय्यासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “राहिलं खरं.” मग अवंतिकाकडे न बघता म्हणाले, “कर.”

“काय करू?”

“सगळ्यांची तोंडं बंद कर. चलो.”

तुळशीरामकाकांचं नवं हॅलो अर्ध्यात तुटलं. विनताने स्पीकर बाळाच्या उशाशी ठेवून बेबीताईचे दोन्ही हात घट्ट धरले.

“कुर्र… मटर,” माधवी कुजबुजली. “मटर माझी.”

लॅपटॉपवर आवाजाची हिरवी रेघ जराशी उठली आणि खाली बसली.

“मटर?” भय्यासाहेब म्हणाले. “हे काय नाव झालं?”

“आता मारू का?” बेबीताईने विचारलं.

“सतरंजीवर मारा,” अवंतिका म्हणाली. “हवे तेवढे.”

तेवढ्यात तिचा फोन वाजू लागला. तुळशीरामकाका होते. आपलं तोंड कुणी बंद केलं, हे त्यांना विचारायचं असणार. तिने उचलला नाही. जाड धार अजून भरली जात होती. ती झाकण धरून बसली होती.