टाके सुकले की सांगते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

अप्पा, माझे वडील, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दिवसाला पाच सिगारेटी, मोजून. त्यांच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा 'कॅन्सर' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही असं आम्ही भावंडांनी ठरवलं. आपल्याकडे ठरवतातच की. ऑपरेशन होईपर्यंत 'जुना डाग' म्हणायचं, आणि टाके सुकले की खरं काय ते मी सांगायचं.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं — लवकर सापडली, लहान होती, आजूबाजूच्या ग्रंथींत पसरलेली नाही, पूर्ण काढता आली. आता वेळच्या वेळी तपासणी, आणि सिगारेट कायमची बंद. एकसुद्धा नाही, असं दोनदा म्हणाले.

टाके सुकले. वारज्याला आमच्या घरी मी अप्पांपुढे चहा ठेवला, तोंड उघडलं, आणि — नाही जमलं. ते इतके खुशीत होते. त्यांनीच विचारलं, "डाग गेला ना? मग आता एखादी चालेल?"

नको म्हटलं असतं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "एखादी चालेल."

मी शाळेत विज्ञान शिकवते हो. फळ्यावर फुप्फुसाची आकृती काढते. आणि मी म्हटलं — चालेल! हे मीच म्हटलं, यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

भावाला फोनवर सांगितलं, अप्पांना सगळं सांगून झालंय. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे एकटीच जायचे. ते विचारायचे, सिगारेट? मी म्हणायचे, बंद. एखादीच्या पुन्हा पाच झाल्या होत्या. गॅलरीतून वास आला की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी तपासणीत पुन्हा दिसलं. या वेळी अप्पांना न्यावंच लागलं. सिगारेटचं विचारल्यावर ते सरळ म्हणाले, रोज पाच. डॉक्टर अवाक झाले. "कॅन्सरच्या ऑपरेशननंतर?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते डॉक्टरांकडे वळले. "सुटली नाही हो. चूक झाली माझी."

रिक्षात फक्त एवढंच म्हणाले, "सांगितलं असतंस तर सोडली असती गं." रागानं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

भाऊ आला, त्यांना नाही नाही ते बोलला. इतकं समजावूनही ऐकलं नाहीत म्हणून. अप्पा खाली मान घालून ऐकत राहिले. मी शेजारीच बसले होते.

आठ महिन्यांनी अप्पा गेले. भेटायला आलेला जो तो हेच म्हणत होता, हट्टी माणूस, शेवटपर्यंत सिगारेट सोडली नाही, तू तरी किती करणार. आणि मी — मी मान हलवत होते. प्रत्येकासमोर.