रजावाल्या अक्का

अक्कांनी कचेरीत कधी कोणाला ‘का?’ म्हणून विचारलं नाही. आस्थापनेच्या टेबलावर त्यांनी तीसेक वर्षं काढली, रजेचे ढीगभर अर्ज त्यांच्या हाताखालून गेले. अर्ज घेऊन आलेला माणूस ‘अक्का, त्याचं असं झालं…’ म्हणून सुरू झाला, की त्या पेनाच्या टोपणाने कागदावर टकटक करायच्या. “कारणासमोर ‘खाजगी’ लिहा आणि तारीख नीट घाला. मला तारीख लागते, कारण नाही.” त्यामुळे आमच्या कचेरीत रजेसाठी कोणाची आत्या दोनदा वारली नाही. इतर कचेऱ्यांत वारतात.

दिसायला अक्का ठेंगण्या, अंगाने भरलेल्या. सुती साडी, हातात पुरुषी घड्याळ आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. एकदा चप्पल तुटली म्हणून मुलाचे जुने बूट घालून आल्या, ते पायाला बरे वाटले आणि मग तेच चालू ठेवले. साडीवर बूट कसे दिसतात, असं त्यांना तोंडावर म्हणायची धुळ्यात कोणाची टाप नव्हती.

एका दुपारी डबा खाताना लेखा शाखेतल्या मंगलने फोनवर तोरणमाळच्या तलावाचा फोटो दाखवला. चारी बाजूंनी सातपुडा आणि मधे ते शांत पाणी. मी सवयीने म्हणाले, “किती छान! पण आपलं कुठलं नशीब?” अक्कांनी घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं.

“लग्नाला किती वर्षं झाली तुझ्या?”

“सोळा.”

“त्यात घराबाहेर किती रात्री काढल्या? कशाकशासाठी?”

मी आठवून सांगू लागले. दोन बाळंतपणं, भाच्यांची लग्नं, सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्यात काढलेल्या अकरा रात्री, निवडणुकीची ड्यूटी.

“म्हणजे बठ्ठ्या ड्यूटीच्याच,” अक्का म्हणाल्या. “सोतानी हौसनी एक बी नही?”

मी हसण्यावारी न्यायला गेले, पण मला हसू आलं नाही. खरंच एकही नव्हती. फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी अक्का सहलीची दोरी बांधलेली फाइल घेऊनच आल्या. डिसेंबरातला एक शनिवार-रविवार ठरवलेला होता. शहाद्यापर्यंत एसटी, पायथ्यापर्यंत जीप, मग पाठीवर सामान घेऊन पायी वर चढायचं, तलावाकाठी तंबूत एक रात्र राहायचं आणि रविवारी परत. जाणाऱ्या चौघी : अक्का, मंगल, शिपाई सुमनबाई आणि मी. अक्का तेव्हा छपन्न वर्षांच्या होत्या आणि आमच्यापैकी कोणी तंबूला हातसुद्धा लावलेला नव्हता.

पहिली तयारी चालण्याची. दर रविवारी सकाळी पिशवीत पाच-पाच किलो ज्वारी भरून आम्ही लळिंगचा किल्ला चढायचो. पायथ्याशी एका शेतकरीदादांनी आम्हाला थांबवून ज्वारीचा भाव विचारला. अक्का म्हणाल्या, “विकायला नाही हो दादा, फिरवायला आणली आहे.” ते दादा बराच वेळ आमच्याकडे बघत उभे होते. तिसऱ्या रविवारी मी दम न लागता वर पोचले आणि मलाच माझं कौतुक वाटलं.

मग सामान. आम्हा खान्देशी माणसांना चार जणांत गावाबाहेर जायचं म्हटलं, की भरीत पार्टीच आठवते. पिशव्या भरून आम्ही अक्कांच्या गच्चीवर जमलो, तर सुमनबाईंनी तीन किलो वांगी, हिरव्या मिरच्या आणि तेलाची बाटली आणलेली. वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळीसुद्धा बांधून ठेवली होती. मी भाकरीसाठी कळण्याचं पीठ, ठेचा, लोणचं आणि पोळ्यांची चवड घेतली होती. अक्कांनी प्रत्येकीची पिशवी ताणकाट्याला लटकवली. माझी भरली साडेअकरा किलो. सहाच्या वर न्यायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

“ह्या एवढ्या पोळ्या कोणाला?”

“वाटेत कोणी भेटलं तर…”

“आणि पाच चादरी?”

“कोणी विसरलं तर…”

अक्का एकेक वस्तू काढून गच्चीच्या कठड्यावर मांडत गेल्या. शेवटी पिशवीत माझं स्वतःचं म्हणून एक स्वेटर आणि कंगवा उरला. “बायांच्या पिशवीत बाकी सगळ्यांचं सामान असतं,” त्या म्हणाल्या. “आता तुझं भर.” माझं काय भरायचं, हे मला पाच मिनिटं सुचेना.

खरी परीक्षा पुढेच होती. प्रत्येकीने घरी रीतसर रजेचा अर्ज द्यायचा, असा अक्कांचा आदेश निघाला. परवानगी मागायची नाही, कळवायचं. अर्जात तारीख हवी, रजेच्या काळातला पत्ता हवा आणि प्रभार कोणाकडे तेही हवं. मी लिहिलं : पत्ता, तलावाकाठी. सकाळचा चहा नवऱ्याकडे, देवपूजा सासूबाईंकडे, डबे मुलीकडे. कारण, खाजगी. अर्ज फ्रिजवर लावला. नवऱ्याने हसत हसत खाली ‘मंजूर’ लिहून सही ठोकली. सासूबाईंनी नातीकडून तो दोनदा वाचून घेतला आणि मला स्वयंपाकघरात गाठलं.

“कसाले चालनी तू? काय काम शे तठे?”

“अक्का आहेत ना सोबत,” मी म्हणाले. अक्कांच्या नावाला वजन होतं. “अक्का शेतस, मंग जाय,” म्हणून सासूबाई गप्प झाल्या. मी सुटले. अक्कांना हे सांगितलं, तर त्या खूश होण्याऐवजी म्हणाल्या, “म्हणजे तुझ्या अर्जात कारण म्हणून माझंच नाव आहे की.” मला ते झोंबलं, कारण खरं होतं.

निघायला नऊ दिवस होते आणि नानांना, म्हणजे अक्कांच्या मिस्टरांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. मी धावत दवाखान्यात गेले. जिना चढताना नानांची काळजी होतीच, पण आणखी एक गोष्ट कबूल करते. मला थोडं हायसंही वाटत होतं. आता जाणं रद्द, आता घरी कोणाला काही पटवून द्यायला नको. मनात असं आलं याची लाज आजही वाटते.

वऱ्हांड्यात अक्का बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पिशवीतून दोरीची फाइल काढली. “तंबू मंगलकडे आहे. जीपवाल्याचा नंबर आत आहे.”

“अक्का, आता कसलं जायचं?”

अक्का कचेरीत प्रमाण मराठी बोलायच्या. कोणाला झापायचं असलं, की माहेरच्या बोलीत शिरायच्या. “नानासना हात गया शे,” त्या म्हणाल्या, “तुना पाय नही गयात.”

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “आते अक्का नही. मंग तू कशी जाशी?” माझ्या हातात कणकेची परात होती. सोळा वर्षांत शिकलेले सगळे बहाणे तोंडाशी आले. कचेरीचं काम सांगावं, कुठला नवस सांगावा, मंगलला सोबत हवी म्हणावं. मी परात खाली ठेवली.

“माले जानं शे, आई,” मी म्हणाले. एवढंच.

मला वाटलं, आता तोफ सुटते. पण सासूबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. “थंडी राही तठे. मनी शाल लई जाय.” त्यांची स्वतःची चांगली जाडजूड शाल होती. ती मी ताणकाट्याला लावली नाही.

आम्ही तिघी गेलो. घाट चढताना मंगल दोनदा रडकुंडीला आली, तंबू तिसऱ्या खटपटीत उभा राहिला. पण चार वाजता तलावाच्या पाण्यात पाय सोडून बसलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की सोळा वर्षांत मी नुसती अशी कधी बसलेच नव्हते. हात सारखे काम शोधत होते. स्टीलचे पेले मी दोनदा घासले. मग तेही सोडून दिलं. सकाळपर्यंत मला कोणीही हाक मारली नाही.

अक्कांनी नंतर लवकर निवृत्ती घेतली. नाना हळूहळू बसते झाले, चार शब्द बोलू लागले. अक्का त्यांच्या उशाशी बसून फोनवर शिरपूरच्या, साक्रीच्या, कुठल्या कुठल्या बायकांना तलावाची वाट समजावायच्या, पिशवीतली वांगी काढायला लावायच्या. किती जणी त्यांच्यामुळे तोरणमाळला जाऊन आल्या, कोणास ठाऊक! स्वतः मात्र दोन वर्षांत एक रात्र घराबाहेर राहिल्या नाहीत, आणि आमच्याही ते लक्षात यायला दोन वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, “शनिवारी मंगल जीप घेऊन येते. वरपर्यंत गाडी जाते, गुडघ्यांची काळजी करू नका. नानांजवळ मी राहते.” तर अक्का बहाणे सांगायला लागल्या. नाना दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत, गोळ्यांच्या वेळा फार, माणूस दिसला नाही तर घाबरे होतात. त्यांना असं अडखळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि शनिवारी सकाळी सातला दारात हजर झाले. अक्का बूट घालून तयार होत्या. चार पानी सूचना माझ्या हातात कोंबून, मागे न बघता जीपमध्ये बसल्या.

रविवारी सकाळी मी लापशीची वाटी घेऊन नानांना भरवायला बसले. त्यांनी मान हलवली, डावा हात पुढे केला आणि वाटी मागितली. अक्का त्यांना कधी देत नसत, सांडेल म्हणून. सांडलीच, पण खाल्ली त्यांनी.

“कधी येई?” जड जिभेने त्यांनी विचारलं.

“संध्याकाळी येतील, नाना.”

त्यांनी खिडकीकडे मान वळवली. मला वाटलं, आता घाबरे होणार. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“फोन लाव तिले,” नाना म्हणाले. पुढचं वाक्य जुळवायला त्यांना बराच वेळ लागला. “आखो एक दिन राह्य म्हना.”

मी अक्कांचा मुक्काम एक दिवस वाढवायला फोन लावला. डोंगरात तो लागतो थोडाच!

“लावत राह्य,” नाना म्हणाले आणि वाटी खरवडू लागले.